मोगलाई : एका शब्दाची कुळकथा



आजचे भाषण पिकापाण्याचे नाही आणि खताबियाण्याचेही नाही. आज एका शब्दाची कुळकथा तुम्हांला सांगायची आहे. शब्द काही पोथीतला नाही. तुम्ही तो पारावर ऐकता, आठवडी बाजारात ऐकता, आणि वेळ आली म्हणजे स्वतःही वापरता. एस.टी.ची रांग मोडून कोणी पुढे घुसला की मागचा माणूस ओरडतो, "ही काय मोगलाई लागून गेली काय?" शेजाऱ्याने रातोरात बांध कोरला की चिडलेला शेतकरी म्हणतो, "मोगलाई समजतो काय हा?" ग्रामसभेत हिशेब मागितला आणि कोणी तो दाखवला नाही, म्हणजे कोपऱ्यातून आवाज येतो, "सगळा मोगलाई कारभार आहे!" आणि वर्गात पोरांनी गलका केला की गुरुजी टेबलावर डस्टर आपटून म्हणतात, "अरे, शाळा आहे ही. मोगलाई नाही!"

अर्थ सगळ्यांना कळतो. धरबंद नाही, विचारणारा कोणी नाही, बळी तो कान पिळी, अशी जी स्थिती तिचे नाव मोगलाई. पण मंडळी, हा शब्द पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या माणसाने वापरणे वेगळे आणि परभणीच्या, जिंतूरच्या, पाथरीच्या, गंगाखेडच्या माणसाने वापरणे वेगळे. कारण मोगलाई हे एके काळी आपल्याच मुलखाचे नाव होते. नगरचा किंवा सोलापूरचा शेतकरी "मोगलाईत जाऊन येतो" असे म्हणे, तेव्हा त्याला दिल्ली-आग्र्याला जायचे नसे. त्याला बीड, जालना, परभणी, नांदेड या बाजूला यायचे असे. तेव्हा आपल्याकडचे गुरुजी "ही मोगलाई नाही" असे पोराला दरडावतात, त्या वेळी जुन्या भूगोलाच्या हिशेबाने त्यांची शाळा मोगलाईच्या मधोमध उभी असते!

मग आपल्या मुलखाच्या नावाची अशी शिवी कशी झाली? कोणी केली? आणि आपण ती वापरावी की वापरू नये? या तीन प्रश्नांपुरतेच आज बोलू.

प्रथम 'मोगल' या शब्दाकडे पाहू. 'मंगोल' या नावाचे फारशी वळणाचे हे रूप आहे. १५२६ साली पानिपतावर इब्राहीम लोदीला हरवून बाबराने दिल्ली घेतली. हा बाबर वडिलांकडून तैमूरच्या वंशातला तुर्क होता आणि आईकडून चंगीजखानाच्या कुळातला. ते घराणे तैमूरचा वंश म्हणून मिरवत असे. लोकांनी मात्र त्यांना मोगल म्हटले आणि तेच नाव टिकले. म्हणजे या शब्दाची सुरुवातच अशी आहे, की ते नाव ज्याचे त्याने घेतलेले नाही, ते दुसऱ्यांनी दिलेले आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तेच आपल्याही वाट्याला आले.

आता हे मोगल आपल्या गोदाकाठी कधी आले? पुष्कळांना वाटते की औरंगजेबाबरोबर. तसे नाही. त्याच्या आधीच, अकबराच्या काळात ते येथे पोचले होते. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबिबीला तह करून वऱ्हाड प्रांत अकबराला द्यावा लागला. त्या वेळच्या वऱ्हाडात आपली पाथरी मोडत होती. अबुल फजलाने लिहिलेल्या 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची यादी आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. त्या यादीत पाथरीचे नाव आहे. १५९७ च्या आरंभी पाथरी-सोनपेठच्या परिसरात गोदावरीकाठी मोगल आणि दक्षिणी फौजा यांची मोठी लढाई झाली. मोगलांचा सेनापती होता अब्दुल रहीम खानखानान. ज्याचे दोहे आपली मुले हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात, तोच हा रहीम. शिक्षकबंधूंनी रहीमचा दोहा शिकवताना हेही सांगावे, की हा कवी एकदा तलवार घेऊन आपल्याच जिल्ह्याच्या मातीत उतरला होता.

येथे एक गोंधळ दूर करतो. आपण 'निजामशाही' आणि 'निजाम' यांची सरमिसळ करतो. अहमदनगरची निजामशाही वेगळी. ती १६३६ साली संपली. तिच्या संस्थापकाचे आजोबा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्णी घराण्यातले होते, असे फिरिश्ता या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हैदराबादचा निजाम वेगळा. तो मोगल बादशहाचा दक्षिणेतला सुभेदार होता. मीर कमरुद्दीन त्याचे नाव. १७१३ साली तो प्रथम दक्षिणेचा सुभेदार झाला. पुढे १७२४ साली हल्लीच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे त्याने बादशहाच्या दुसऱ्या सरदाराचा पराभव केला आणि दक्षिणेत आपले आसन पक्के केले. आसफजहा हा किताब त्याला त्यानंतर मिळाला.

आसफजहा कारभाराने स्वतंत्र झाला. नावाने झाला नाही. तो आणि त्याचे वंशज स्वतःला बादशहाचे सुभेदारच म्हणवीत राहिले. दिल्लीच्या गादीत काही राम उरला नव्हता, तरी हैदराबादच्या टांकसाळीत १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावाने नाणी पडत होती. म्हणून पेशव्यांच्या कागदांत आणि बखरींत निजामाला सरळ 'मोगल' म्हटलेले सापडते. १७२८ ची पालखेडची मोहीम, १७६३ चे राक्षसभुवन, १७९५ चा खर्डा, या सगळ्या लढाया मराठ्यांच्या दृष्टीने मोगलाशी झालेल्या लढाया होत्या. दिल्लीचे मोगल बुडाले तरी आपल्याकडचे 'मोगल' उरले, आणि त्यांच्या मुलखाला मोगलाई हे नाव चिकटले ते चिकटलेच.

आता या शब्दाचा जुना अर्थ पाहा. तो शिवीचा नव्हे, हिशेबाचा आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशव्याने दिल्लीहून शाहू महाराजांसाठी स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी अशा तीन सनदा आणल्या. चौथ म्हणजे दक्षिणेच्या ६ सुभ्यांच्या वसुलातला चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. त्यामुळे पुष्कळ गावांच्या वसुलाच्या दोन वाटण्या झाल्या. मराठ्यांकडे जाणारा तो 'स्वराज्य अंमल' आणि निजामाकडे जाणारा तो 'मोगलाई अंमल'. कुळकर्णी एकाच वहीत, एकाच गावासमोर, दोन रकाने मांडत असे. वऱ्हाडात भोसले आणि निजाम अशा दोघांचा वसूल चाले; तिला लोक 'दोअमली' म्हणत. तेव्हा त्या कुळकर्ण्याला 'मोगलाई' म्हणजे काय असे विचारले असते, तर तो शिवी समजला नसता. "वसुलातला तो दुसरा वाटा," असे त्याने शांतपणे सांगितले असते.

मग हिशेबाच्या वहीतला शब्द भांडणात कसा आला? याची कारणे दोन ठिकाणी शोधावी लागतात. काही या मुलखाच्या आत आहेत, काही बाहेर.

आतली कारणे खरी आहेत. ती झाकून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादचा खजिना रिकामा झाला होता. सरकारने वसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त रक्कम बोलेल त्याच्या नावाने तालुका. त्याने रयतेकडून काय वसूल करावे, कसे करावे, याला धरबंद नव्हता. कारण पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याकडे जाईल ही त्याला धास्ती. वसुलीला अरब आणि रोहिले शिपाई. सावकाराच्या दारातही तेच, मक्तेदाराच्या दारातही तेच. पीक खळ्यावर येण्याआधी शिपाई खळ्यावर बसलेला! १८५३ साली सालारजंग दिवाण झाला. त्याने मक्ते मोडले, पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी केली. आज आपण जिल्हा, तालुका म्हणतो, त्याची घडी येथे तेव्हा बसू लागली. पण जहागिरी राहिल्या, निजामाच्या खाजगी उत्पन्नाची 'सर्फेखास' गावे राहिली. एका गावाला सरकारी कायदा, शिवेपलीकडच्या गावाला जहागीरदाराची मर्जी. वेठबिगार तर सगळीकडेच. हे सारे १९४९ साली जहागिरी आणि सर्फेखास संपेपर्यंत कमीअधिक चालले. तेव्हा कारभार म्हणजे मर्जी, हा 'मोगलाई'चा अर्थ हवेतून आलेला नाही. रयतेने तो सोसून शिकलेला आहे.

बाहेरचे कारण निराळे. १८१८ साली पेशवाई बुडाली. नगर, सोलापूर, खानदेश इंग्रजांकडे गेले. १८५३ साली निजामाने वऱ्हाडही इंग्रजांच्या हवाली केले. आता शिवेच्या पलीकडे इंग्रजी, अलीकडे मोगलाई. हिंगोलीच्या माणसाने पैनगंगा ओलांडली की कायदा बदले, नाणे बदले, कचेरीची भाषा बदले. (हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती, १ मे १९९९ ला तिचा वेगळा जिल्हा झाला.) इंग्रजी मुलखात गुन्हा करून माणूस मोगलाईत पळून येई, कारण पलीकडच्या फौजदाराचा हात येथे सहज पोचत नसे. पळून येणारे सगळेच चोर होते असे नाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा माणसे जमवायला आणि आसऱ्याला ते याच निजामी मुलखात उतरले होते. पण पलीकडच्या माणसाच्या मनात चित्र एकच बसले : जेथे कायदा पोचत नाही ती मोगलाई. इंग्रजी मुलखातही शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडाला होता, १८७५ साली पुणे-नगरकडे त्याने सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. पण तिकडच्या जुलमाला शिक्के होते, स्टॅम्प होते, वकील होते. म्हणून तो 'कायदा' ठरला आणि आपला तो 'मोगलाई' ठरला.

आता व्याकरणाचे थोडे. शिक्षकांना यात रस वाटेल. मराठीत 'पेशवा' पासून 'पेशवाई' होते आणि 'मोगल' पासून 'मोगलाई'. हा शेवटचा प्रत्यय मोठा कामसू आहे. पेशवाई म्हणजे पेशव्याचे पद, पेशव्याचे राज्य, पेशव्यांचा काळ, आणि शिवाय पेशव्यांसारखा थाट. एकाच शब्दात चार अर्थ! म्हणून आज कोणी पंगतीला चांदीची ताटे मांडली की "काय पेशवाई थाट आहे!" असे आपण म्हणतो. मोगलाईचेही तसेच झाले. आधी मोगलांचे राज्य, मग त्यांचा मुलूख, मग तो काळ, आणि शेवटी तेथली रीत. राज्य गेले, मुलखाचे नाव बदलले, काळ सरला. रीत तेवढी शब्दात उरली. पेशवाईची आठवण थाटाची राहिली आणि मोगलाईची जुलमाची, याचे एक कारण असे की छापखाने, वर्तमानपत्रे आणि क्रमिक पुस्तके पुण्या-मुंबईकडे निघत होती. पेशवाईतही रयतेला मक्तेदार भेटले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पण शब्द कोणत्या गावात घडतो, यावर त्याची चव ठरते.

मंडळी, मोगलाईच्या आत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणते शब्द होते, तेही पाहिले पाहिजेत. घरात कोणी ८५-९० वर्षांचे आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा. 'हाली' आणि 'कलदार' हे दोन रुपये ते सांगतील. हाली हा निजामाचा रुपया, कलदार हा इंग्रजांचा. ७ हाली द्यावे तेव्हा साधारण ६ कलदार यावेत असा भाव. आजही चोख माणसाला 'कलदार माणूस' म्हणतात, ते तेथून. 'करोडगिरीचा नाका' ते सांगतील. करोडगिरी म्हणजे शिवेवरची जकात. १९४७-४८ च्या लढ्यात आपल्या सत्याग्रहींनी जे नाके उठवले, ते हेच. शाळेचे विचाराल तर 'तहतानिया', 'वस्तानिया' आणि 'फौकानिया' : प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल. १८८४ साली राज्यकारभारात फारशीच्या जागी उर्दू आली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेत थेट वरपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता खरा. पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना ती भाषा घरची नव्हती. मराठी मुलाला मोगलाई भेटली ती तलवारीच्या रूपाने नव्हे, पाटीवर भेटली.

आणि 'गश्ती निशान ५३'. गश्ती म्हणजे परिपत्रक. या हुकुमाने परवानगीवाचून सभा भरवण्यास बंदी होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ साली ते जालना जिल्ह्यात गेले. तेथून पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादचे राज्य भारतात आले. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

त्या लढ्याने आणखी एका शब्दाला असेच उलटे केले. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ काय, ठाऊक आहे? आपखुशीने सेवा करणारा, स्वयंसेवक! किती चांगला शब्द. पण लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाताखालच्या टोळ्यांनी ते नाव घेतले, १९४७-४८ मध्ये गावे लुटली, माणसे मारली, आणि वर्षा-दीड वर्षात त्या शब्दाचे मातेरे झाले. आज आपल्याकडे "रझाकारी करू नको" असे म्हटले तर कोणाला स्वयंसेवक आठवत नाही. मोगलाईला शिवी व्हायला दीडशे वर्षे लागली. रझाकाराला दीड वर्ष पुरले.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. हे दोन्ही शब्द राज्यकर्त्यांवरचे आणि गुंडांवरचे आरोप आहेत. कोणा धर्माच्या माणसावरचे नाहीत. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबउल्लाखान हा मुसलमानच होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला रस्त्यात गाठून मारण्यात आले. आणि मक्त्याच्या वसुलीत, जहागिरीच्या कारभारात, गावच्या वेठीत हात असणाऱ्यांमध्ये देशमुख होते, देशपांडे होते, पाटील-कुळकर्णी होते. तेव्हा शेजारच्या अहमदचाचांकडे पाहून कोणी मोगलाई म्हणत असेल, तर त्याला इतिहासही कळला नाही आणि शब्दही कळला नाही. चाचांचे आजोबा त्याच खळ्यावर, त्याच शिपायापुढे हात जोडून उभे होते.

तशीच दुसरी चूक बोलीची. आपला मुलगा शिकायला पुण्याला जातो. तेथे तो "काय करायलास?" म्हणतो, "हौ" म्हणतो, पोरे हसतात. कोणी म्हणते, ही मोगलाई मराठी आहे. मुलगा गप्प बसायला शिकतो. श्रोतेहो, ही लहान गोष्ट नाही. जो गप्प बसला तो वर्गात प्रश्न विचारत नाही, मुलाखतीत बोलत नाही, कचेरीत आपला हक्क मागत नाही. त्या मुलाला हे सांगा, की दखनी बोलणाऱ्यांनी 'नक्को' हा शब्द आपल्या मराठीच्या 'नको'पासून घेतला. त्यांच्या बोलीत जोर देण्यासाठी येणारा 'च' हाही मराठीचाच. आणि जे पुणेकर आपल्याला हसतात त्यांच्या तोंडी अर्ज, जमीन, हुकूम, फौजदार, शिपाई, दुकान, सामान हे सगळे शब्द फारशीच्या वाटेनेच आले आहेत. 'पेशवा' हा शब्दसुद्धा फारशी! मग मोगलाई मराठी कोणाची आणि शुद्ध मराठी कोणाची? देवघेव दोन्हीकडून झाली. आपण शिवेवर होतो म्हणून आपल्याकडे ती अधिक दिसते, एवढेच.

या जुन्या शब्दांना हसण्याने आणखी एक नुकसान होते, आणि ते रोकडे आहे. धरणात किंवा रस्त्यात जमीन गेली की आपल्याकडे 'मावेजा' मिळतो. इनामाच्या जमिनीचा वाद निघाला की 'मुंतखब' मागतात. 'सेतवार', 'खासरा पत्रक', 'पहाणी पत्रक' हे शब्द तहसीलच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला भेटतात. जुन्या कागदावर साल असते ते फसली. फसली सालात ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो, आणि ते साल ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. म्हणजे कागदावर फसली १३५७ दिसले तर ते ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ या दरम्यानचे. एवढे साधे गणित ठाऊक नसल्यामुळे आपला कागद कोणत्या काळचा आहे हेच कित्येकांना सांगता येत नाही. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातल्या उर्दू, फारशी आणि मोडी कागदांना एकाएकी किंमत आली. त्या प्रश्नाच्या कोणत्याही बाजूला तुम्ही असा. एक गोष्ट दोन्हीकडच्यांना मान्य करावी लागली, की माळ्यावर पडलेली बासने वाचणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत. 'मोगलाईतला कचरा' म्हणून किती घरांनी ती बासने पावसाळ्यात भिजू दिली असतील!

गावाच्या नावाचा शब्द होणे हे नशीब एकट्या मोगलाईचे नाही. १७६१ नंतर 'पानिपत होणे' म्हणजे धूळधाण होणे असा अर्थ झाला. पानिपतच्या गावकऱ्यांना कोणी विचारले नाही. खुद्द परभणीचे पाहा. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. कोणी तिचा अर्थ असा लावतो, की बाहेर जमले तर ठीक, नाहीतर परभणीची काळी जमीन आणि ज्वारी पोटाला आहेच. कोणी तिच्यात हेटाळणी ऐकतो, की कोठेच जमले नाही म्हणजे परभणी. शब्द तेच, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून अर्थ ठरवायचा. मग आपल्या पोरांनी तिला उत्तर म्हणून दुसरी म्हण काढली, "जगात जर्मनी, भारतात परभणी." यमकापलीकडे तिला काही आधार नाही, पण हेटाळणीला हसत हसत कसे उत्तर द्यावे हे तिच्यावरून शिकावे. आणि खरे उत्तर तर शेतातून गेले आहे. आपल्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी, केवडा रोगाला न जुमानणारी, साऱ्या देशात पेरली गेली. ज्या शेतकऱ्याने नकाशात परभणी कधी पाहिली नाही, त्याच्याही तोंडी आपल्या गावाचे नाव आले, आणि ते चांगल्या अर्थाने आले.

तेव्हा आता तिसरा प्रश्न : हा शब्द वापरावा की वापरू नये? माझे म्हणणे असे, की जरूर वापरावा, पण जेथे त्याची जागा आहे तेथे. ग्रामपंचायत हिशेब दाखवत नसेल, कचेरीत मर्जीवाचून कागद हलत नसेल, कोणी बळाच्या जोरावर बांध कोरत असेल, तर तेथे खुशाल म्हणा, "ही मोगलाई चालणार नाही." असे म्हणण्याचा अधिकार परभणीच्या माणसाला इतरांपेक्षा जास्तच आहे, कारण त्याच्या वाडवडिलांनी ती भोगली आणि उलथूनही टाकली. पण माणसाच्या धर्माला, पोराच्या बोलीला, आपल्या मुलखाला तो शब्द लावू नका, आणि दुसऱ्याने लावला तर हसून सोडून देऊ नका; त्याला बसवून ही कुळकथा सांगा.

जे शिक्षक हे भाषण छापील पुस्तिकेत वाचतील त्यांना एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वडील माणसाकडून पाच जुने शब्द आणावेत : पैशाचे, मापाचे, कचेरीचे, शाळेचे, शेताचे. शब्दासमोर अर्थ लिहावा, आणि तो शब्द कोणाकडून ऐकला ते लिहावे. मुसलमान मुलगा आपल्या दादीकडून आणील, मराठा मुलगा आजोबांकडून, लमाण तांड्यावरची मुलगी आपल्या याडीकडून. याद्या फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. निम्मे शब्द सगळ्यांच्या यादीत सारखेच निघतील, आणि मुलांना जे कळायचे ते तुम्ही न सांगता कळेल. चाळीस मुलांचा वर्ग असला तर दोनशे शब्द होतात. त्यांची एक वही करून शाळेत ठेवा. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आता थकली आहेत. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आणि त्या दिवशी वर्गात गलका झालाच, तर गुरुजी, डस्टर जरूर आपटा; पण "ही मोगलाई नाही" असे म्हणण्याऐवजी फळ्यावर तो शब्द लिहा आणि विचारा, "याचा अर्थ कोण सांगेल?"